अंतराळयानातील डचमळते इंधन

माझ्या लहानपणी उन्हाळ्यात आमच्या गावच्या विहिरी आटल्या, की बैलगाडीवर लोखंडी टिपाड ठेवून लांबून पाणी आणावे लागे. टिपाड भरले, की गाडीवान कडुनिंबाची एक मोठी डहाळी मोडून पाण्यावर टाकी आणि मगच बैल जुंपी. मी एकदा त्याला विचारले, "काका, हा पाला कशाला?" तो म्हणाला, "डहाळी असली की पानी उड्या मारत न्हाई, पोरा."

तेवढ्या उत्तराने माझे त्या वेळी समाधान झाले. पुढे पदार्थविज्ञान शिकताना आणि शिकवताना मला कळले, की पाण्याच्या या उड्यांनी पुष्कळ मोठ्या माणसांची झोप उडवली आहे. आकाशात अग्निबाण, म्हणजे आपण ज्याला रॉकेट म्हणतो ते, सोडणाऱ्या इंजिनिअरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. आणि आकाशात गेल्यावर त्या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला. तिथे पाण्याला वजनच उरत नाही. वजन नसलेले पाणी भांड्यात कुठे बसेल, वर का खाली, हे कोण सांगणार? आज या दोन प्रश्नांविषयी आपण थोडे बोलू.

आधी हे लक्षात घेऊ, की अग्निबाण म्हणजे मुख्यतः टाकीच. आपल्या मंगळयानाचेच पहा. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून ते निघाले, तेव्हा त्याचे वजन सुमारे १,३४० किलो होते. त्यांपैकी सुमारे ८५० किलो नुसते इंधन आणि ते जाळण्यासाठी लागणारे द्रव्य होते. दोन्ही द्रवरूप. म्हणजे यानाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग हा पातळ पदार्थ होता. गाडीपेक्षा टिपाड जड, असाच हा प्रकार. आता टिपाडातले पाणी एका बाजूला गेले तर गाडी कलंडायची भीती असते. मग ज्या यानात पाणीच गाडीपेक्षा जड, त्याची काय कथा!

त्यातून आणखी एक अडचण अशी, की टाकी भरलेली राहत नाही. पेट्रोलचा टँकर चालवणारा ड्रायव्हर तुम्हांला सांगेल, की टँकर गच्च भरलेला असला तर चिंता नसते; अर्धा असला की वळणावर जपावे लागते. कारण भरल्या टाकीत द्रवाला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत ती असते. अग्निबाणाची टाकी तर क्षणाक्षणाला रिकामी होत असते. तेव्हा ती कधी ना कधी अर्धी होणारच.

आता हे डचमळणे म्हणजे नेमके काय ते पाहू. झोपाळ्याला जसा स्वतःचा एक ठेका असतो, तसाच ठेका भांड्यातल्या पाण्यालाही असतो. हातभर रुंदीच्या बादलीतले पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते. गंमत अशी, की चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा ठेकाही जवळजवळ तेवढाच असतो. म्हणून तर बादली घेऊन घाईने चालले, की पाणी पायावर सांडते. झोपाळा परत येईल नेमक्या त्याच वेळी मागून ढकलले, तर थोड्या जोरानेही तो उंच जातो. पावले आणि पाणी यांची तशी जोडी जमते. ठेका मोडला, जरा हळू किंवा लांब पाऊल टाकले, की पाणी शांत होते.

अग्निबाणात पावले टाकणारा कोणी नसतो. पण सुकाणू असते. अग्निबाण जरा डावीकडे कलला, की यंत्र त्याला उजवीकडे ढकलते. जास्त उजवीकडे गेला, की पुन्हा डावीकडे. टाकीतले द्रव त्या धक्क्याने हलते आणि भिंतीवर आपटून अग्निबाणाला आणखी कलवते. यंत्राला वाटते, की आपली दुरुस्ती कमी पडली. ते आणखी जोराने ढकलते. दोघांचा ठेका जमला, की द्रव आणि सुकाणू एकमेकांना चढवत राहतात, आणि शेवटी अग्निबाण वाट सोडतो.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. २६ एप्रिल १९५७ रोजी अमेरिकेतल्या केप कॅनाव्हरल येथून 'ज्युपिटर' नावाचे क्षेपणास्त्र सोडण्यात आले. वेर्नर फॉन ब्राऊन यांच्या मंडळींनी ते बांधले होते. उड्डाणानंतर अवघ्या ९३ सेकंदांत ते नष्ट झाले. कारण हेच, टाकीतले इंधन डचमळले आणि सुकाणूच्या ताब्यात अग्निबाण राहिला नाही. मग टाक्यांच्या आत पत्र्याच्या आडपट्ट्या बसवण्यात आल्या. लाट उठली, की ती या पट्ट्यांवर फुटते, तिचे भोवरे होतात आणि तिचा जोर तिथेच जिरतो. महिनाभराने, ३१ मे १९५७ रोजी, पुढचे ज्युपिटर सरळ उडाले. म्हणजे पाहा, आमच्या गाडीवानाची डहाळीच ती, फक्त पत्र्याची!

हा झाला यंत्र चालू असतानाचा प्रश्न. यंत्र चालू असते तेव्हा अग्निबाण जोराने पुढे जात असतो, आणि एस.टी. एकदम सुटली की उभे असलेले उतारू जसे मागे जातात, तसे द्रव टाकीच्या मागच्या बाजूला दाबून बसते. तिथेच यंत्राकडे जाणारी नळी असते. पण यंत्र बंद झाले, की काय होते?

यासाठी शाळेत करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगतो. पत्र्याच्या एका डब्याला बुडाजवळ खिळ्याने भोक पाडा. भोकावर बोट धरून डबा पाण्याने भरा. बोट काढले, की धार लागते. आता एखाद्या उंच ओट्यावर किंवा गच्चीवर जा आणि धार चालू असतानाच डबा सरळ खाली सोडून द्या. मुलांना खाली लांब उभे करून नीट पाहायला सांगा. डबा पडत असेपर्यंत धार बंद होते! डब्यात पाणी आहे, भोकही उघडे आहे, पण पाणी बाहेर पडत नाही. कारण डबाही पडतो आहे आणि पाणीही त्याच वेगाने पडते आहे. मग पाण्याने डब्याच्या बुडावर भार टाकायचा तरी कसा?

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचे तसेच आहे. आकाशात गुरुत्वाकर्षण नसते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. चारशे किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ इथल्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग शिल्लक असते. पण यान सारखे पडतच असते. आडव्या वेगामुळे ते पृथ्वीवर न आपटता तिला वळसा घालत पडत राहते, इतकेच. आपला डबा गच्चीवरून पडताना जेमतेम एक सेकंद या अवस्थेत असतो. यान महिनोन् महिने, वर्षानुवर्षे असते. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १९६६ साली शास्त्रज्ञांनी खास यासाठी एक खोल विहीरच बांधली. तिच्यात वस्तू १३२ मीटर खाली सोडतात आणि पाच सेकंदांहून थोडा जास्त काळ ती बिनवजनाची असते. एवढ्याशा काळात द्रव कसे वागते, याची छायाचित्रे घेतात.

मग वजन गेल्यावर द्रव कसे वागते? इथे एक दुसरीच शक्ती पुढे येते. तिला पृष्ठताण म्हणतात. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोल मोत्यासारखा राहतो, तो याच शक्तीमुळे. आपल्याकडे तिचे राज्य थेंबापुरतेच असते. पाण्याच्या बाबतीत दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वजनाचा अंमल सुरू होतो. म्हणून थेंब गोल असतो, पण तांब्यातले पाणी सपाट बसते. वजनाचा जोर जर पृथ्वीवरच्या दहा लाखांश इतका कमी झाला, तर गणिताने ही मर्यादा हजार पटींनी वाढते. म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे दोन-तीन मीटर होतात. जी शक्ती इथे थेंब सांभाळते, ती तिथे अख्खी टाकी ताब्यात घेते.

परिणाम असा, की जे द्रव भांड्याला चिकटते ते चारही भिंतींवर पसरते आणि मधोमध वायूचा मोठा फुगा राहतो. वर नाही, खाली नाही. टाकीला तळच उरत नाही. तळ आपण भांड्याला आहे असे समजतो, पण तो खरा पाण्याच्या वजनामुळे असतो. वजन गेले, की तळही गेला.

शेतकऱ्यांना यातला धोका मी समजावून सांगायला नको. विहिरीतले पाणी खाली गेले आणि फुटव्हॉल्व्ह उघडा पडला, की पंप हवा ओढतो, आणि मोटर नुसती भणभणत राहते. अंतराळात टाकीत इंधन भरपूर असले तरी नळीच्या तोंडाशी नेमका तो वायूचा फुगा असला, तर यंत्र पेटत नाही, किंवा पेटून विझते. आणि तिथे पंपात पाणी ओतून तो पुन्हा चालू करायला कोणी नसतो.

११ डिसेंबर १९६४ रोजी अमेरिकेच्या 'अ‍ॅटलास-सेंटॉर' या अग्निबाणाचे असेच झाले. वरच्या सेंटॉर टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन होता. त्याचे यंत्र एकदा पेटले, ठरल्या वेळी थांबले. थोडा वेळ तरंगून ते पुन्हा पेटवायचे होते. तोपर्यंत द्रव मागे दाबून ठेवण्यासाठी छोटी यंत्रे बसवलेली होती, पण त्यांचा जोर अपुरा पडला. मुख्य यंत्र थांबताच हायड्रोजन उसळून टाकीच्या पुढच्या टोकाला गेला. तिथे वाफ सोडण्याचे तोंड होते. वाफेबरोबर द्रवही बाहेर फेकले गेले, त्याच्या धक्क्याने अग्निबाण कोलांट्या खाऊ लागला, आणि यंत्र दुसऱ्यांदा पेटले नाही. चंद्राकडे जाण्याच्या योजनांत यंत्र अवकाशात दुसऱ्यांदा पेटवता येण्याला फार महत्त्व होते. त्यामुळे हे अपयश फार बोचरे होते.

मग माणसाने काय केले? त्याने टाकीत डोकावून पाहायचे ठरवले. ५ जुलै १९६६ रोजी अपोलो योजनेतला एक अग्निबाण केवळ या कामासाठी सोडण्यात आला. त्यात माणूस नव्हता, उपग्रहही नव्हता. होती ती हायड्रोजनची टाकी आणि तिच्या आत पाहणारा टेलिव्हिजनचा कॅमेरा. उणे २५३ अंश सेल्सिअस इतका थंड हायड्रोजन थोडाथोडा उकळत असतो आणि त्याची वाफ सोडून द्यावीच लागते. शास्त्रज्ञांनी युक्ती अशी केली, की ही वाफ मागच्या दिशेने एकसारखी सोडायची. तिच्या हलक्याशा रेट्याने अग्निबाण सतत किंचित पुढे ढकलला जातो आणि द्रव मागच्या बाजूला बसून राहते. टाकाऊ वाफेतूनच तळ तयार करायचा! कॅमेऱ्यातून दिसले, की हायड्रोजन खरोखरच शहाण्यासारखा बसून आहे. पुढे डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ मधून माणसे प्रथम चंद्राकडे निघाली, ती याच जातीचे यंत्र अवकाशात दुसऱ्यांदा पेटवून.

पृथ्वीवर पुरते वजन आणि अवकाशात मुळीच नाही, या दोहोंच्या मधली एक जागा म्हणजे चंद्र. तिथे वजन इथल्या एक षष्ठांश. वजन कमी, तर द्रवाचा झोकाही संथ. त्याच टाकीत तो जवळजवळ अडीच पट सावकाश हलतो आणि लवकर थांबत नाही. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन 'ईगल' यानातून चंद्रावर उतरत होते. ठरलेल्या जागी मोठमोठे धोंडे दिसले, म्हणून आर्मस्ट्राँग यांनी यान आडवे पुढे नेले. असे नेताना यान कलवावे लागते, आणि यान कलले की टाकीतले इंधनही इकडून तिकडे जाते. टाकीच्या तळाजवळ इंधनाची पातळी दाखवणारी एक खूण बसवलेली होती. तिच्यावरचे द्रव डचमळून क्षणभर बाजूला झाले, खूण उघडी पडली, आणि इंधन संपत आल्याचा दिवा वेळेच्या आधीच लागला.

खाली ह्यूस्टनला घड्याळ सुरू झाले. "साठ सेकंद" असा इशारा गेला. मग "तीस सेकंद". तेवढ्यात उतरता आले नाही, तर उतरणे सोडून परत वर उडायचे असा नियम होता. यान उतरले. नंतर नीट हिशोब केला तेव्हा दिसले, की त्यांच्याजवळ वाटले होते त्याहून बरेच जास्त, सुमारे पाऊण मिनिट पुरेल इतके इंधन होते. पाऊण मिनिट म्हणजे काही फार नाही. पण त्या दोन माणसांना ते आहे हे ठाऊक असणे आणि नसणे यांत केवढे अंतर! पुढच्या मोहिमांसाठी त्या टाक्यांत डचमळणे रोखणाऱ्या जादा आडपट्ट्या बसवल्या गेल्या.

एवढा अनुभव गाठीशी असताना चूक पुन्हा होणार नाही, असे कोणाला वाटेल. पण २१ मार्च २००७ रोजी 'स्पेसएक्स' या कंपनीचा 'फाल्कन १' हा अग्निबाण प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन येथून उडाला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या द्रव प्राणवायूच्या टाकीत आडपट्ट्या नव्हत्या. द्रव डचमळू लागले, डोलणे वाढत गेले, अग्निबाण स्वतःभोवती गरगर फिरू लागला. ताक घुसळताना डेऱ्यातले ताक कडेला चढते आणि मध्ये खळगा पडतो, तसे द्रव भिंतीकडे गेले, नळीचे तोंड उघडे पडले, आणि यंत्र वेळेआधी विझले. मग पट्ट्या बसवल्या गेल्या. त्या अग्निबाणाचे चौथे उड्डाण २८ सप्टेंबर २००८ रोजी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोचले. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा एकेका पिढीला पुन्हा गिरवावा लागतो, तो असा.

आता शेवटचा प्रश्न. एखादे यान वर्षानुवर्षे अवकाशात राहणार असेल, तर दर वेळी छोटी यंत्रे पेटवून द्रव मागे ढकलणे परवडत नाही. मग? काही टाक्यांत रबरासारख्या लवचिक पदार्थाची पिशवी घालतात. पिशवीत इंधन आणि बाहेर दाबाचा वायू. वायू पिशवी दाबतो आणि इंधन नळीतून निघते. पण हायड्रोजनच्या थंडीत रबर काचेसारखे तडकते, तिथे ही पिशवी चालत नाही.

दुसरा उपाय तुमच्या देवघरात आहे. समईतली वात पहा. तेल खाली, ज्योत वर. तरी तेल वर चढते. वातीच्या तंतूंमधल्या बारीक जागेत पृष्ठताण तेलाला ओढून घेतो. वजन नसेल तर ही ओढ आणखीच मोकळी होते. म्हणून उपग्रहांच्या कित्येक टाक्यांत धातूची पातळ पाती आणि बारीक जाळ्या बसवतात. पाती इंधनाला भिंतींवरून नळीकडे आणतात, आणि भिजलेली जाळी इंधनाला वाट देते, वायूच्या बुडबुड्याला मात्र अडवते. ज्या शक्तीने तळ पुसून टाकला, तिच्याकडूनच नवा तळ करून घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

आपल्या मंगळयानाची मोठी परीक्षाही याच जातीची होती. त्याचे मुख्य यंत्र १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीची कक्षा सोडताना चालले आणि मग जवळजवळ दहा महिने निजून राहिले. सबंध प्रवासात टाकीतले इंधन बिनवजनाचे. २२ सप्टेंबर २०१४ रोजी यंत्र चार सेकंदांपुरते पेटवून पाहिले, ते पेटले. २४ सप्टेंबरला पहाटे-सकाळी ते तेवीस-चोवीस मिनिटे चालले आणि यान मंगळाभोवती फिरू लागले. त्या दिवशी साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतल्या थोड्या तरी, नळीच्या तोंडाशी वेळेवर हजर राहिलेल्या त्या इंधनाच्या वाट्याच्या होत्या, असे मला वाटते.

शिक्षक मित्रांना एवढेच सुचवीन, की हा विषय वर्गात घेताना फळ्याआधी बादली घ्यावी. एका मुलाला अर्धी बादली घेऊन चालायला लावा. नंतर त्याच पाण्यावर कडुनिंबाची डहाळी टाकून पुन्हा चालायला लावा. दोन्ही वेळा किती पाणी सांडले ते मोजा. मग गच्चीवरून तो भोकाचा डबा सोडा, आणि शेवटी समईची वात दाखवा. एका तासात, पाच-दहा रुपयांच्या सामानात, मुलांना अंतराळातल्या टाकीचे मर्म कळेल. आणि घरी पाणी आणणाऱ्या आईला, आजीला यातले किती आधीच ठाऊक आहे, तेही त्यांनी जाऊन विचारावे.